बाल्साचे विमान: पट्ट्यांचे आवरण आणि शेवटचा हात

सांगाडा बांधून झाला, फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चकत्या) रेषेत उभे राहिले आणि स्ट्रिंगर (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक काड्या) आपापल्या खाचांत बसले, की बाल्साचे, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाचे, प्रतिकृती विमान पहिल्यांदा विमानासारखे दिसू लागते. आणि नेमक्या याच टप्प्यावर बांधणाऱ्याला घाई होते. आता वरून पट्ट्या डकवायच्या, फटी बुजवायच्या, घासायचे आणि रंग द्यायचा, एवढेच काम उरले आहे असे वाटते. प्रत्यक्षात पृष्ठभागाचे काम सांगाड्याइतकाच वेळ खाते, आणि त्यातला बहुतेक वेळ रंगाचा डबा उघडण्यापूर्वीचा असतो. जो आकार लाकडात साधलेला नाही तो लांबी (पुट्टी) आणि प्रायमर भरून साधायला गेल्यास वजन वाढते, आणि उडणाऱ्या प्रतिकृतीत वजन फुकट मिळत नाही. म्हणून पुढील विवेचनात रंगापेक्षा पट्ट्यांना आणि पॉलिश पेपरला जास्त जागा दिली आहे.

पहिला प्रश्न असा, की पट्ट्या लागणार कुठे. जाड कागदाचा तुकडा सांगाड्यावर गुंडाळून पाहावा. तो चुणी न पडता बसला, तर तो भाग एकाच दिशेने वळलेला आहे आणि तेथे बाल्साची सलग फळी चालेल. पंखाचा पुढचा भाग किंवा धडाची सपाट बाजू ही त्याची उदाहरणे. कागदाला चुण्या पडल्या, तर तो भाग दोन्ही दिशांनी फुगीर आहे, आणि सलग फळी कितीही भिजवली तरी तेथे नीट बसणार नाही. नाकाजवळचा गोल भाग, पंखाच्या मुळाशी असलेला भराव आणि शेपटीकडे निमुळते होत जाणारे वर्तुळाकार धड यांना अरुंद पट्ट्याच हव्यात.

लाकडाची निवड

बाल्साच्या घनतेतला फरक आश्चर्य वाटावा इतका मोठा असतो. प्रतिकृतींसाठी मिळणारे लाकूड साधारणपणे घनमीटरला १०० ते २०० किलोग्रॅमच्या आसपास असते, पण एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांपैकी एक दुसरीच्या दीडपट जड निघू शकते. डोळ्यांना ते कळत नाही, वजनकाट्याला कळते. १.५ मिमी जाड, १०० मिमी रुंद आणि १ मीटर लांब फळीचे आकारमान १५० घनसेंटिमीटर होते. तिचे वजन १५ ग्रॅम भरले तर घनता १००, आणि २४ ग्रॅम भरले तर १६०. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने वजन लिहून ठेवावे आणि पट्ट्यांसाठी शक्यतो सारख्या वजनाच्या फळ्या वेगळ्या काढाव्यात. याचे कारण केवळ वजन नव्हे. मऊ पट्टीशेजारी कठीण पट्टी लागली, तर पॉलिश पेपर मऊ लाकूड आधी खातो आणि कठीण पट्टी उंचवट्यासारखी वर राहते. मग कितीही घासले तरी लाट जात नाही.

घनतेइतकेच महत्त्व फळी खोडातून कशी कापली आहे याला आहे. ज्या फळीवर तंतूंच्या लांब, सरळ रेघा दिसतात ती रुंदीच्या दिशेने सहज वळते. तिला ए-ग्रेन म्हणतात. जिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसतात ती सी-ग्रेन. ती रुंदीच्या दिशेने ताठ असते आणि वळवायला गेल्यास तंतूंच्या रेषेत चिरते. गोलाईवर ए-ग्रेन किंवा मधली बी-ग्रेन वापरावी आणि सी-ग्रेन रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) व शेपटीच्या सपाट भागांसाठी राखून ठेवावी. पाचशे रुपयांचा रंग किंवा पाच हजारांचा स्प्रे चुकीच्या फळीची भरपाई करत नाही असे म्हणण्याचा मोह होतो, पण साधी गोष्ट अशी की चिरलेली पट्टी काढून टाकताना तिच्या शेजारच्या दोन पट्ट्याही खराब होतात.

पट्ट्यांचा हिशेब

पट्टी किती रुंद असावी हे गोलाई ठरवते. मध्यम आकाराच्या धडासाठी २.५ मिमी जाडीची फळी घ्यावी, म्हणजे घासल्यानंतरही सुमारे २ मिमी लाकूड उरते. समजा, सर्वांत मोठ्या फॉर्मरचा अर्धा परीघ १७६ मिमी आहे. तेथे ८ मिमी रुंदीच्या २२ पट्ट्या बसतील. या फॉर्मरची त्रिज्या सुमारे ५६ मिमी येते, आणि इतक्या गोलाईवर ८ मिमीची सपाट पट्टी ठेवली तर दोन पट्ट्यांच्या सांध्यावर पट्टीच्या मध्यापेक्षा सुमारे ०.१५ मिमी उंचवटा राहतो; तो पॉलिश पेपरच्या काही फेऱ्यांत जातो. तीच पट्टी १६ मिमीची घेतली तर हा उंचवटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक. पट्ट्यांची संख्या निम्मी करून वाचवलेला वेळ घासण्यात दामदुपटीने जातो, आणि सांध्यावरचे लाकूडही नको तितके पातळ होते.

आता शेपटीकडच्या शेवटच्या फॉर्मरचा अर्धा परीघ ६६ मिमी असेल, तर त्याच २२ पट्ट्या तेथे प्रत्येकी ३ मिमी रुंद असल्या पाहिजेत. प्रत्येक फॉर्मरचा परीघ कागदाच्या पट्टीने मोजावा, त्याला पट्ट्यांच्या संख्येने भागावे आणि येणारी रुंदी एका नमुना पट्टीवर त्या त्या ठिकाणी आखावी. पाच-सहा कच्च्या पट्ट्या एकत्र बांधून, नमुना पट्टी वर ठेवून, छोट्या रंध्याने किंवा सरळ पट्टीला लावलेल्या पॉलिश पेपरने एकदमच निमुळत्या करता येतात. निमुळतेपणाचा कंटाळा करून सरळ पट्ट्या लावत गेल्यास काय होते, हे तिसऱ्या-चौथ्या पट्टीलाच कळते. पट्टी जाडीच्या दिशेने आनंदाने वाकते, पण रुंदीच्या दिशेने वाकायला साफ नकार देते. तिला दाबून बसवले की तिची एक कड वर उचलली जाते. शेपूट फारच निमुळती असेल आणि हिशेबाने पट्टी ३ मिमीहून अरुंद येत असेल, तर काही पट्ट्या मध्येच टोकदार करून संपवाव्यात आणि शेजारच्या पट्ट्यांना जागा द्यावी.

कडांचा उतार हा भाग बहुतेकजण वगळतात. अर्धवर्तुळावर २२ पट्ट्या म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये सुमारे ८ अंशांचा कोन. कडा काटकोनात ठेवल्या तर आतल्या बाजूला पट्ट्या टेकतात आणि बाहेरच्या बाजूला जवळजवळ ०.३५ मिमीची फट उघडी राहते. एवढी फट लांबीने बुजते खरी, पण ती धडाच्या संपूर्ण लांबीवर २१ वेळा बुजवावी लागते. त्यापेक्षा प्रत्येक नव्या पट्टीच्या एकाच कडेला, आतल्या अंगाला, ८ अंशांचा उतार द्यावा. त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्याला तेवढा कोन देऊन त्यावर पॉलिश पेपर चिकटवावा आणि पट्टी त्यावरून दोन-तीनदा ओढावी. हाताला सवय झाली की एका पट्टीला अर्धे मिनिटही लागत नाही.

बसवण्याचा क्रम

धडाच्या बाजूला, जेथे ते सर्वांत रुंद आहे, तेथे नाकापासून शेपटीपर्यंत एक सरळ रेषा आखावी आणि पहिली पट्टी त्या रेषेवर लावावी. दुसरी पट्टी समोरच्या बाजूला, त्याच उंचीवर. तिसरी पुन्हा पहिल्या बाजूला, पहिल्या पट्टीच्या वर, चौथी समोर. नंतर खाली. उजवीकडे आणि डावीकडे एकाच फळीतून कापलेल्या जोड्या लावल्या, तर दोन्ही बाजूंचा ताणही सारखा राहतो.

हा क्रम मोडण्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. धड दोन अर्ध्या भागांत, नकाशावर (पूर्ण मापाच्या आराखड्यावर) आडवे ठेवून बांधण्याची पद्धत सोयीची असते. पूर्ण आकाराच्या विमानांतही ती वापरली गेली: १९४० साली प्रथम उडालेल्या डी हॅविलँड मॉस्किटोचे धड बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून, साच्यावर, दोन अर्ध्या कवचांत तयार होत असे. मात्र तेथे साचा होता. माझ्याकडे टाचण्या होत्या. मी पहिल्या अर्ध्या भागावर सगळ्या पट्ट्या लावून टाकल्या, डिंक वाळल्यावर टाचण्या काढल्या आणि धड केळ्यासारखे वाकले. ओल्या पट्ट्या वाळताना आखडल्या होत्या आणि त्यांना विरोध करायला दुसरी बाजूच नव्हती. मधली कणापट्टी (धडाच्या मध्यरेषेवरची पट्टी) तब्बल ४ मिमी वाकली होती, आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यांनी ती सरळ न होता तो बाक कायमचा पक्का झाला. अर्धे धड नकाशावर बांधायचे असेल, तर त्यावर तीन-चार पट्ट्याच लावाव्यात, मग ते उचलून दुसऱ्या बाजूचे फॉर्मर चिकटवावेत आणि त्यापुढचे काम आळीपाळीने करावे.

पट्टी वळवताना पाण्याचा उपयोग डोके वापरून करावा. लाकडाची जी बाजू भिजते ती फुगते, त्यामुळे फक्त बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसली की पट्टी आपोआप आतल्या बाजूला वळू लागते. नाकाजवळच्या तीव्र वळणासाठी पट्टी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवावी. पाण्यात थोडा अमोनिया घातल्यास तंतू अधिक सैल होतात, मात्र ते काम खिडकी उघडी ठेवूनच करावे. भिजलेली पट्टी लगेच चिकटवू नये. ती जागेवर टाचण्यांनी आणि मास्किंग टेपने बांधून पूर्ण वाळू द्यावी, आणि आकार आल्यावर सोडवून मगच डिंक लावावा. वाळताना लाकूड आकसते, त्यामुळे ओली चिकटवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी शेजारणीपासून केसभर दूर गेलेली दिसते.

डिंकाची निवड पुढच्या घासण्याचा विचार करून करावी. सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपर ग्लू) झटपट धरतो, पण तो बाल्सापेक्षा कितीतरी कठीण होतो. सांध्यात तो आला की पॉलिश पेपर दोन्ही बाजूंचे लाकूड खातो आणि मध्ये डिंकाची बारीक धार उभी राहते. नेहमीचा पांढरा डिंक रबरासारखा राहतो आणि घासताना त्याच्या गोळ्या होतात. सुतारकामाचा पिवळसर अ‍ॅलिफॅटिक डिंक यातला मधला मार्ग आहे: तो पुरेसा वेळ देतो आणि वाळल्यावर स्वच्छ घासला जातो. तो पट्टीच्या कडेला पातळ लावावा, आणि बाहेर आलेला थेंब ओल्या फडक्याने लगेच टिपावा. सायनोअ‍ॅक्रिलेट वापरायचाच असेल, तर आतल्या बाजूने, पट्टी फॉर्मरला टेकते तेथे एक थेंब पुरे.

सर्वांत शेवटची पट्टी पोटाखाली येईल असे नियोजन करावे, कारण ती कधीच हिशेबाप्रमाणे बसत नाही. उरलेल्या फटीवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी, म्हणजे फटीच्या कडा कागदावर उमटतात. त्या आकाराची, पण किंचित रुंद पट्टी कापून, दोन्ही कडांना उतार देऊन ती थोडी थोडी घासत पाचरीसारखी बसवावी. जोर करून ठोकल्यास आजूबाजूचे सांधे उघडतात.

पंखाबाबत थोडक्यात सांगतो. फळ्यांच्या कडा पोलादी पट्टीवर सरळ कापून, वरून मास्किंग टेप लावून, पुस्तकासारख्या उघडून सांध्यात डिंक भरावा आणि वजनाखाली सपाट वाळू द्यावे; जोडलेली फळी पंखावर लावण्यापूर्वीच घासून घ्यावी, कारण रिबांवर बसल्यावर दाब दिला की रिबांच्या मधला भाग खचतो आणि रिबेवरचे लाकूड पातळ होते. टोकाला जो पीळ द्यायचा असेल, तो पुढच्या भागावर वरची आणि खालची फळी बसण्यापूर्वीच ठोकळे ठेवून पक्का करावा. तो बंद नळीसारखा भाग एकदा चिकटला, की पंखाचा चुकलेला पीळ सोडवता येत नाही.

घासणे

पहिले घासणे छोट्या तुकड्याने किंवा बोटांनी कधीही करू नये. बोटांखालचा पेपर मऊ जागी खोल जातो आणि सांध्यावर नुसता घसरतो. निदान २५० ते ३०० मिमी लांबीच्या सरळ पट्टीवर १५० क्रमांकाचा पेपर चिकटवून, धडाच्या लांबीला तिरप्या दिशेने, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून घासावे. त्याआधी सगळ्या पृष्ठभागावर मऊ पेन्सिलीने हलक्या रेघा माराव्यात. दोन फेऱ्यांनंतर जेथे रेघा पुसल्या गेल्या तेथे उंचवटा होता, आणि जेथे त्या शिल्लक आहेत तेथे खळगा आहे. खळग्यांच्या पातळीपर्यंत बाकीचे सगळे खाली आणायचे, की खळग्यात लांबी भरायची, हा निर्णय प्रत्येक जागी वेगळा असतो. लाकूड दीड मिलिमीटरहून पातळ होणार असेल, तर लांबी भरावी.

यानंतर खोली अंधारी करून टेबलावरचा दिवा धडाच्या अगदी जवळ, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या धडावर प्रत्येक सांध्याची सावली पडलेली दिसते. मग डोळे मिटून तळहात आडवा फिरवावा. डोळ्यांना जे दिसले नाही ते हाताला लागते. २४० आणि नंतर ३२० क्रमांकाच्या पेपरने काम संपवावे. नाकावर मास्क असावा, कारण बाल्साची धूळ फार हलकी असते आणि बराच वेळ हवेत तरंगत राहते.

नख किंवा टाचणी लागून पडलेला खड्डा भरण्याची घाई नको. लाकूड तेथे तुटलेले नसते, फक्त दबलेले असते. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून थोडा वेळ थांबावे. दबलेले तंतू पाणी पिऊन वर येतात. हट्टी खड्ड्यावर ओले फडके ठेवून इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. जे उरेल त्यासाठीच हलकी लांबी वापरावी, आणि तीही अशी की जी बाल्साइतकीच सहज घासली जाईल. भिंतीची किंवा गाडीची जड लांबी येथे उपयोगाची नाही. ती लाकडापेक्षा कठीण राहते आणि पुन्हा तीच उंचवट्याची तक्रार सुरू होते.

वजनाचा हिशेब

येथून पुढे प्रत्येक थर वजनाने येतो, म्हणून काम थांबवून काटा काढावा. शेपूट गुरुत्वमध्यापासून (जेथे टेकवल्यास विमान समतोल राहते त्या बिंदूपासून) ६०० मिमी मागे असेल आणि नाकात शिसे ठेवायची जागा २०० मिमी पुढे असेल, तर शेपटीवर चढलेल्या १० ग्रॅम रंगासाठी नाकात ३० ग्रॅम शिसे लागते. म्हणजे १० ग्रॅमचा निष्काळजीपणा विमानाला ४० ग्रॅमला पडतो. शेपटीचे भाग वेगळे रंगवावेत आणि त्यांना एक थर कमीच द्यावा.

तंतू बुजवणे

नुसत्या बाल्सावर रंग कधीच टिकत नाही. लाकूड तो पिते आणि तंतू पुन्हा वर येतात. जुनी आणि आजही उत्तम पद्धत डोपची, म्हणजे थिनरने पातळ होणाऱ्या सेल्युलोजच्या व्हार्निशची, आहे. निम्मा डोप आणि निम्मे थिनर असे पातळ मिश्रण ब्रशने लावावे, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू ३२० च्या पेपरने काढावेत आणि पुन्हा एक हात द्यावा. मग धडाच्या लांबीत तंतू येतील असा पातळ टिशू पेपर कोरडाच ठेवून त्यावरून पातळ डोप लावावा. तो टिशूतून झिरपून खालच्या थराला मऊ करतो आणि कागद लाकडाला एकजीव होतो. कागद फक्त सजावट नव्हे: पट्ट्यांचे सांधे ऋतुमानाने हलले तरी वरचा रंग त्यामुळे चिरत नाही. त्यावर डोपमध्ये टाल्कम पावडर मिसळून केलेले सँडिंग सीलर दोन हात लावावे आणि प्रत्येक वेळी जवळजवळ सगळे घासून काढावे. सीलर तंतूंच्या खोबणीत राहिला पाहिजे. पृष्ठभागावर राहिलेला सीलर म्हणजे केवळ वजन.

डोप लावताना हवा दमट असेल, तर पृष्ठभागावर पांढरट धुके उतरते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि डोपमध्ये अडकते. कोरड्या दिवसाची वाट पाहावी, किंवा सावकाश उडणारे रिटार्डर थोडे मिसळून तोच भाग पुन्हा एकदा पुसावा. बहुतेक वेळा धुके जाते. नायट्रेट डोप अतिशय ज्वालाग्राही असतो आणि त्याची वाफही, हे विसरून त्या खोलीत दिवा, शेगडी किंवा हीटर चालू ठेवू नये. पातळ पंखावर डोप लावल्यावर पंख सपाट पाटावर, वजनाखाली वाळवावा, कारण डोप आणि टिशू दोन्ही आकसतात आणि पंखाला पीळ पडतो. डोपमध्ये एरंडेल तेलाचे काही थेंब घातल्यास ही ओढ कमी होते.

ज्यांना वास सोसत नाही किंवा अधिक टणक कवच हवे आहे, त्यांनी चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाचे काचेचे कापड वापरावे. ते कोरडे पसरून, मधल्या भागापासून कडांकडे, पातळ इपॉक्सी किंवा पाण्यात विरघळणारे पॉलियुरेथेन व्हार्निश पसरवावे. इपॉक्सी वापरताना जुन्या प्लास्टिक कार्डाने ओढून जास्तीचे बाहेर काढावे आणि मग टॉयलेट पेपरचा रोल त्यावरून फिरवावा. तो जितके पितो तितके आपण जिंकलो. कापडाची विण दिसत राहिली आणि चमक गेली की प्रमाण बरोबर आहे. विण बुजेपर्यंत इपॉक्सी ओतणे ही सर्वांत महागडी चूक. हातमोजे सक्तीचे आहेत, कारण इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

रंग

राखाडी प्रायमरचा पातळ फवारा मारला, की लाकडात राहून गेलेले सगळे दोष एकदम दिसतात. त्यांची जागा पेन्सिलीने खूण करून दुरुस्त करावी, आणि मग ६०० च्या पेपरने, थोडे पाणी लावून, प्रायमर इतका घासावा की बहुतेक ठिकाणी खालचा थर डोकावू लागेल. काचेचे कापड किंवा टिशू उघडे पडणार नाही एवढीच काळजी घ्यावी.

रंगाची आधी तुकड्यावर चाचणी घ्यावी. तेलरंगावर सेल्युलोज थिनरचा रंग मारला की खालचा थर सुरकुततो, आणि ते पाहण्यासाठी संपूर्ण धड वाया घालवण्याची गरज नाही. मेथॅनॉलच्या इंधनावर चालणारे इंजिन असेल, तर वरून दोन घटकांचे पॉलियुरेथेन व्हार्निश लागतेच, नाहीतर नायट्रेट डोप आणि अनेक अ‍ॅक्रिलिक रंग इंधनाने विरघळतात. विद्युत मोटर असेल तर हा थर पूर्ण वगळावा. पट्टे रंगवताना मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक पातळ हात मारावा. टेपखाली जे झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते, फट बंद होते आणि दुसऱ्या रंगाची कड स्वच्छ येते. टेप रंग अर्धवट ओला असतानाच, स्वतःवर उलट दुमडत, सावकाश ओढावी.

रंग वाळल्यावर लगेच नाकात शिसे पक्के करू नये. थिनर कित्येक दिवस उडत राहतो आणि वजन हळूहळू उतरते, म्हणून आठवडाभराने विमान पुन्हा काट्यावर ठेवावे, गुरुत्वमध्य तपासावा, शिसे तोवर टेपनेच धरून ठेवावे आणि आकडा स्थिर झाल्यावर चिकटवावे.